पेशीपटलातील फॉस्फोलिपिडे

फॉस्फेट गट असलेली ही मेदद्रव्ये पेशीपटलाचा मूळ द्विस्तर घडवतात. पटलाचा अडसर किती भक्कम आणि किती प्रवाही, हे मुख्यतः त्यांच्या रेणूच्या घडणीवर ठरते.

रेणूची घडण : ग्लिसरॉलच्या तीन कार्बन अणूंपैकी दोहोंना एकेक मेदाम्ल व तिसऱ्याला फॉस्फेट गट जोडलेला असतो. फॉस्फेटाला कोलीन, सेरीन, इनॉसिटॉल यांपैकी काय जोडले आहे, त्यावरून प्रकार ओळखतात. कोलीनयुक्त प्रकार म्हणजे लेसिथिन. गॉब्ली यांनी ते १८४६ मध्ये अंड्याच्या बलकातून मिळवले. फॉस्फेटाकडचे डोके जलस्नेही, तर मेदाम्लांची दोन शेपटे जलद्वेषी असतात.

द्विस्तर : पाण्यात हे रेणू आपोआप दोन थरांत मांडले जातात, डोकी बाहेर पाण्याकडे, शेपटे आत. पटलाची जाडी सु. ४–५ नॅनोमीटर भरते. द्विस्तराची कल्पना गॉर्टर व ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींतील मेद पाण्यावर पसरवून मांडली. सिंगर व निकोलसन यांच्या १९७२ च्या प्रतिमानानुसार या प्रवाही द्विस्तरात प्रथिने रुतलेली असतात.

प्रवाहिता : संतृप्त शेपटे सरळ असल्याने दाटीने बसतात, असंतृप्त शेपटाला सिस दुहेरी बंधापाशी बाक येतो व दाटी मोडते. दोन्ही शेपटे पामिटिक अम्लाची असलेल्या लेसिथिनाचा द्विस्तर सु. ४१° से. खाली घट्ट होतो, ओलेइक अम्लाची असल्यास शून्याच्याही बऱ्याच खाली. थंडीत तूप थिजते आणि करडईचे तेल पातळ राहते, तेही मेदाम्लांतील अशाच फरकामुळे.

डाळिंबातील शीतइजा : सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही २००५ पासून याच शहरात आहे. हे फळ ५° से. खाली दीर्घकाळ ठेवल्यास साल तपकिरी पडते, तिच्यावर खड्डे पडतात, दाणे फिकटतात. याचे प्रमुख स्पष्टीकरण पेशीपटलाचे आहे. थंडीने द्विस्तर घट्ट होऊन जागोजागी गळू लागतो. रिक्तिकेतील फिनॉल संयुगे बाहेर पडून पॉलिफिनॉल ऑक्सिडेज विकराशी गाठ पडते आणि तपकिरी रंगद्रव्य तयार होते. असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण टिकून राहिल्यास इजा कमी होते. म्हणून दीर्घ साठवणुकीसाठी डाळिंब ५–७° से. तापमानात व ९०–९५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवतात.