फोर थर्ड्स : एका मावळलेल्या कॅमेरापद्धतीची कथा

यंत्र जुनें झालें कीं तें टाकून द्यावें, हा व्यवहाराचा दंडक होय. परंतु कांहीं यंत्रें अशीं असतात कीं, त्यांचें उत्पादन थांबलें तरी त्यांच्यावरील माणसांचा लोभ थांबत नाहीं. जपानमधील ऑलिंपस कंपनीच्या ‘फोर थर्ड्स’ या डिजिटल कॅमेरापद्धतीचा इतिहास हें याचें बोलकें उदाहरण आहे.

१९१९ सालीं टोकिओ येथें स्थापन झालेली ही कंपनी प्रथम सूक्ष्मदर्शक यंत्रांसाठीं ओळखली जाई. १९३६ सालीं तिचा पहिला कॅमेरा निघाला आणि १९७२ सालीं सुरू झालेल्या ओएम मालिकेनें लहान व हलक्या कॅमेऱ्यांबद्दल तिची ख्याति जगभर झाली. पुढें फिल्म मागें पडली व तिच्या जागीं सेन्सर, म्हणजे प्रकाशाचें विद्युत्संकेतांत रूपांतर करणारा तुकडा, आला. इतर नामांकित कंपन्यांनीं फिल्मच्या काळांतील भिंगें व त्यांची जोडणी तशीच चालूं ठेवून आंत सेन्सर बसविला. ऑलिंपसनें मात्र कोडॅक कंपनीच्या सहकार्यानें निराळा मार्ग धरला. भिंग, सेन्सर आणि त्यांना जोडणारी कडी, हें सारें डिजिटल छायाचित्रणासाठींच नव्यानें आंखावें, असा तो विचार होता.

त्याचें पहिलें फळ म्हणजे २००३ सालचा ई-१ कॅमेरा. त्याचा सेन्सर १७.३ मिलिमीटर लांब व १३ मिलिमीटर रुंद, म्हणजे नेहमींच्या फिल्मच्या चौकटीच्या सुमारें एकचतुर्थांश क्षेत्रफळाचा होता. फिल्मवर किरण तिरपे पडले तरी भागे. सेन्सरवर ते होतां होईल तों सरळ पडावे लागतात. नवीं भिंगें हें ध्यानांत ठेवूनच घडविलीं गेलीं. भिंग बदलतांना आंत शिरणारी धूळ झटकण्यासाठीं सेन्सरपुढें अतिवेगानें कंप पावणारा पारदर्शक पडदा बसविला होता. ही सोय भिंग बदलतां येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांत प्रथम येथेंच आली; इतरांनीं ती मागाहून उचलली.

गुणांबरोबर दोषही होते. सेन्सर लहान असल्यामुळें अंधुक उजेडांत चित्रावर बारीक ठिपके उमटत. शिवाय दृश्य डोळ्यापर्यंत पोंचविणारा आरसा आंत राहिल्यानें कॅमेरा अपेक्षेइतका लहान झाला नाहीं. हा आरसाच काढून टाकण्याची कल्पना ऑलिंपस व पॅनासॉनिक या कंपन्यांनीं ऑगस्ट २००८ मध्यें ‘मायक्रो फोर थर्ड्स’ या नांवानें जाहीर केली. सेन्सरचें माप तेंच राहिलें. भिंगाची कडी व सेन्सर यांमधील अंतर सुमारें निम्मे झालें. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ व्हावा, तसें झालें. २०१० सालचा ई-५ हा जुन्या पद्धतीचा ऑलिंपसचा शेवटचा कॅमेरा ठरला.

येथें प्रश्न केवळ एका मालाचा नव्हता. कॅमेरा चार-पांच वर्षांनीं बदलतो. उत्तम भिंग मात्र जन्माचें सोबती म्हणून घेतलें जातें. ज्यांनीं पै-पै सांठवून तीं भिंगें घेतलीं, त्यांनीं कंपनीच्या शब्दावरच विश्वास टाकला होता. जोडकडी लावून तीं नव्या कॅमेऱ्यांवर बसत. परंतु चित्र स्पष्ट करण्यास फार वेळ घेत. अखेर २०१३ सालच्या ई-एम१ कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्येंच जुन्या भिंगांना मानवेल अशी व्यवस्था करण्यांत आली. दिलेला शब्द उशिरां व अर्धामुर्धा कां होईना, पाळला गेला.

त्यानंतर काळानें जनकांनाही सोडलें नाहीं. कोडॅकनें जानेवारी २०१२ मध्यें दिवाळखोरीच्या कायद्याचें संरक्षण मागितलें होतें. ऑलिंपसचा कॅमेऱ्यांचा धंदा १ जानेवारी २०२१ रोजीं ओएम डिजिटल सोल्यूशन्स या निराळ्या कंपनीकडे गेला. तरीही कोडॅकचा सेन्सर असलेला ई-१ आजही जपून वापरणारे रसिक आहेत. त्याचे पन्नास लक्ष बिंदू आजच्या मानानें थोडकेच. परंतु त्याच्या रंगांचा गोडवा, हातांत बसणारी घडण आणि हलका आवाज यांचें मोल त्यांना आंकड्यांहून अधिक वाटतें.

ज्याला हा लोभ केवळ जुन्याचा मोह वाटेल, त्यानें इतकेंच ध्यानांत घ्यावें कीं, यंत्राचें उत्पादन केव्हां थांबवावें हें कारखाना ठरवितो; त्याचें आयुष्य केव्हां संपलें हें वापरणारा ठरवितो. विचारपूर्वक घडविलेली वस्तु बाजारांत हरली, तरी तिचा विचार खोटा ठरत नाहीं.