एक वाचणारा, दहा ऐकणारे



गटाच्या बैठकीत आम्ही स्वातंत्र्यलढ्याचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. त्या काळी लिहिता-वाचता येणारे मूठभर, मग वर्तमानपत्रांनी लोक जागे झाले कसे? प्रश्न रास्त आहे. 1901 च्या खानेसुमारीत देशात शंभरातल्या जेमतेम पाच जणांना वाचता येत होतं. बायकांमध्ये तर हजारात सहा जणींना.

पण तेव्हा पेपर एकटा वाचायची वस्तू नव्हती. एक जण मोठ्यानं वाचायचा आणि दहा जण ऐकायचे. सरकारलाही याची धास्ती होती. म्हणून 1878 मध्ये लॉर्ड लिटननं देशी भाषांतल्या पत्रांवर बंधनं घालणारा कायदा केला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता!

तो कायदा पुढे रद्द झाला. त्याआधीच, 4 जानेवारी 1881 ला पुण्यात ‘केसरी’ निघाला होता. आगरकर पहिले संपादक, पुढे टिळक.

1896 मध्ये पावसानं दगा दिला आणि मोठा दुष्काळ पडला. दुष्काळात काय करायचं याचे नियम सरकारनंच केले होते. पीक बुडालं तर शेतसारा तहकूब करावा, सूट द्यावी, लोकांच्या हाताला काम द्यावं. पण नियम कागदावर आणि वसुली दारात! ‘केसरी’नं हे नियम सोप्या मराठीत समजावले. पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसं ते घेऊन गावोगाव गेली. सारा भरण्यासाठी कर्ज काढू नका, गुरंढोरं विकू नका, सूट मागा, असं सांगू लागली. शेतकरी सभा घेऊ लागले, अर्ज करू लागले.

यातून काय बदललं? तोवर सारा म्हणजे नशिबाचा भोग वाटायचा. नियम कळला तसा तो हक्काचा प्रश्न झाला. पलीकडच्या तालुक्यातही हेच रडगाणं आहे, हे पेपरातून कळलं, तेव्हा आपल्या गावचं दुःख देशाचं झालं. स्वराज्याची मागणी अशा प्रश्नांतूनच बळावली.

सरकार चिडलं. 1897 मध्ये ‘केसरी’तल्या लिखाणावरून टिळकांना राजद्रोहाची दीड वर्षाची शिक्षा झाली. 1908 मध्ये पुन्हा सहा वर्षांची, मंडालेला. तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

आता आपल्या बाजूचंही बोलू. याच ‘केसरी’नं 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध केला. लहान मुलींना लग्नानंतरच्या जाचातून वाचवणारा तो कायदा होता. सरकारशी झुंजणारा पेपर बायकांच्या बाजूनं असेलच, असं नव्हतं. म्हणून तानुबाई बिर्जे यांचं नाव आपण लक्षात ठेवू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पतीच्या निधनानंतर, त्यांनी सत्यशोधकांचं ‘दीनबंधू’ हे पत्र संपादक म्हणून चालवलं.

तेव्हा सख्यांनो, पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचू या. पीक विम्याची असो, रेशनची असो. मग दोन गोष्टी विचारू: यात आपला हक्क कोणता, आणि यात आपल्याबद्दल काय लिहायचं राहिलं?