युर्त : सांगाड्याचे लाकूड
मध्य आशियातील भटक्या पशुपालकांचे नमद्याने मढवलेले, सुटे करून वाहून नेता येणारे गोल घर. किरगिझ कारागीर जाळीदार भिंत (केरेगे) व छताच्या काठ्या (ऊक) यांसाठी विलोचे लाकूड पसंत करतात. ते हलके असते, वाफवल्यावर सहज वाकते आणि वाळल्यावर दिलेला बाक धरून ठेवते. पट्ट्या कच्च्या चामड्याच्या वादीने जोडल्याने जाळी मिटते-उघडते. फांद्या सरळ आणि बिनगाठीच्या निवडणे सर्वांत महत्त्वाचे, कारण काठी बहुधा गाठीपाशीच मोडते. विलो ओलाव्यात लवकर कुजतो. त्याचा टिकाऊपणा स्तेपच्या कोरड्या हवेवर अवलंबून आहे, हे दमट प्रदेशात युर्त बांधणाऱ्याने विसरू नये. मंगोलियात लार्चही वापरतात. किरगिझ-कझाक युर्तनिर्मितीचे ज्ञान 2014 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आले.