वाटाण्याचे रोप आणि चाळिशीतला विद्यार्थी

दादासाहेब फाळके म्हटले की आपल्याला १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. पण त्याच्या अगोदर त्यांनी कुंडीतल्या एका वाटाण्याचे चित्रण केले होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्या वाटाण्यापर्यंत ते कसे पोचले, ती हकिगत आज सांगतो.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण शिकले. तिथले प्रमुख, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी या होतकरू तरुणाला प्रयोगशाळा वापरू दिली. हा मोठाच आधार झाला. कारण त्या काळी फोटो घेणे म्हणजे कॅमेऱ्यात मसाला लावलेली काच घालायची, मग अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्यापाशी ती औषधाच्या पाण्यात धुवायची. काचेवर उलटे चित्र उमटे, उजेडाच्या जागी काळे. त्यावरून कागदावर सुलटे चित्र काढायचे. जरा चुकले की काच फुकट! नवशिक्याच्या किती काचा वाया जात असतील, विचार करा.

विद्या हाती आली, पण दैव आडवे आले. गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा मांडला. तिथे प्लेगने पत्नी आणि मूल दोन्ही नेली. ते बडोद्याला परतले, तर तिथे लोकांची समजूत अशी, की फोटो काढला म्हणजे अंगातली शक्ती जाते, आयुष्य घटते. मग गिऱ्हाईक यायचे कुठून?

पुढे १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्या देवादिकांची चित्रे पडद्यावर आणायची, असा ध्यास घेतला. वय चाळीस! तरीही पुन्हा पहिल्या इयत्तेपासून सुरुवात. रोज तासन् तास चित्रपट पाहून डोळे बिघडले, औषधोपचार करावे लागले. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी सारे काम डोळ्यांनी पाहिले आणि विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवली.

यंत्र आले, पण पैसा देणार कोण? इथे तो वाटाणा उपयोगी पडला. कुंडीत दाणा पेरून, तो रुजून वाढेपर्यंत त्यांनी थोड्याथोड्या वेळाने एकेक चित्र घेतले. त्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारण सोळा चित्रे सरकत. आता हिशेब करा : रोज एकच चित्र घेतले, तर महिन्याची तीस चित्रे दोन सेकंदांत संपतील! म्हणजे एवढ्याशा चित्रणालाही धीर किती लागत असेल? पण पडद्यावर कोंब फुटून वेल वाढताना दिसला आणि यशवंतराव नाडकर्णी यांनी भांडवल पुरवण्याचे मान्य केले. सरस्वतीबाई फाळकेही फिल्मला भोके पाडण्याचे, ती धुण्याचे काम शिकल्या. घरच कलाभवन झाले म्हणा ना!

आज कॅमेरा पुष्कळांच्या खिशात असतो. काच नको, अंधारी खोली नको. पण कुंडीजवळ थांबून पाहणे काही यंत्र करीत नाही. गुरुजनांनी शाळेत एक दाणा पेरावा आणि मुलांकडून रोज त्याच जागेवरून, त्याच वेळी त्याचे एक चित्र घेववावे. महिन्याने ती चित्रे ओळीने मांडून पाहावीत. फाळक्यांनी काय पाहिले होते, ते मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.