घर : श्रद्धेची पहिली शाळा



चर्चचा जयंतीमहोत्सव आला म्हणजे इमारत कोणीं बांधली, घंटा कोठून आणिली, कोणकोणते धर्मगुरू येथें होऊन गेले, यांची आठवण सहजच निघते. व ती निघणें योग्यही आहे. परंतु भिंती उभारणाऱ्यांचा इतिहास जसा लिहिला जातो, तसा त्या भिंतींच्या आंत गुडघे टेकणाऱ्या मुलांना श्रद्धेचें बाळकडू कोणीं पाजलें, याचा इतिहास सहसा लिहिला जात नाहीं. तो इतिहास बहुतांशीं घरांत घडला. त्याची थोडीशी ओळख करून देण्याचा येथें विचार आहे.

मुलांना धर्म शिकविण्याचें काम पवित्र शास्त्रानें प्रथम कोणावर सोंपविलें आहे? ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांत देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबविण्याचा आदेश मोशे देतो, तो केवळ याजकांना नव्हे, तर समस्त इस्राएल लोकांना. त्यासाठीं तो कोणतीही शाळा नेमीत नाहीं. घरांतील बैठक, वाटचाल, निजण्याची व उठण्याची वेळ, एवढेंच त्याचें वेळापत्रक. नीतिसूत्रांचा कर्ता पित्याच्या बोधासोबत मातेच्या शिकवणीचाही आदर करावयास सांगतो. संत पौल तीमथ्याला पत्र लिहितांना त्याची आजी लोईस व आई युनीके यांचें नांव घेऊन, त्याची श्रद्धा प्रथम या दोघींच्या ठायीं नांदत होती, हें आवर्जून नमूद करितो. तोच पौल इफिसकरांस लिहितांना बापांना बजावतो, कीं मुलांना चिडीस आणूं नये. प्रभूच्या शिस्तींत त्यांना वाढवावें. शिस्त व ममता यांची ही सांगड, हेंच शास्त्राचें शहाणपण होय.

आतां आपल्या देशाकडे वळूं. 1542 च्या मे महिन्यांत संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. हातांत घंटा घेऊन ते रस्त्यारस्त्यांतून फिरत आणि मुलांना व दासदासींना धर्मशिक्षणासाठीं बोलावीत, हें सर्वश्रुत आहे. परंतु त्यांचें शिक्षण चर्चच्या दाराशीं संपत नसे. पुढें दक्षिणेच्या किनाऱ्यावरील मच्छीमार गांवांत त्यांनीं मुख्य प्रार्थनांचें तमिळ भाषांतर करविलें, त्या प्रार्थना मुलांकडून पाठ करून घेतल्या, आणि मुलांनीं त्या घरीं जाऊन आईबापांना, भावंडांना व शेजाऱ्यांना शिकवाव्या, असा परिपाठ घातला. 1544 च्या जानेवारींत लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं स्वतःच ही पद्धत वर्णिली आहे. तेथें आईबापच नवदीक्षित असल्यामुळें प्रवाह मुलाकडून वडिलांकडे वाहिला. परंतु तो वाहिला घरांतूनच.

त्यानंतर 1579 सालीं फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय गोव्यास आले व साष्टी प्रांतांत त्यांनीं सुमारें चाळीस वर्षें सेवा केली. तेथील नवख्रिस्ती लोकांची एक मोठी अडचण होती. पूर्वींचीं पुराणें बंद झालीं. त्यांच्या जागीं घरीं काय वाचावें, मुलाबाळांना कोणती कथा सांगावी? स्टीफन्स यांच्या ग्रंथाच्या आरंभीं एक ख्रिस्ती ब्राह्मण हीच मागणी धर्मगुरूपुढें मांडतो. ती रास्त होती. पोकळी ठेवून कोणतेंही घर नांदत नाहीं. त्या मागणीचें उत्तर म्हणजे 1616 सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलेलें मराठी ‘ख्रिस्तपुराण’. पहिल्या भागांत जुन्या कराराची कथा, दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र, आणि दोहोंच्या मिळून सुमारें 11,000 ओव्या! छंद निवडला तोही ओवीचा. म्हणजे जात्यावर बसलेल्या माउलीच्या ओठीं सहज येणारा, व तिच्या मांडीवरील बालकाच्या कानीं नकळत पडणारा. मातृभाषेच्या दारानेंच श्रद्धा घरांत येते, हें त्या परदेशी मनुष्यानें अचूक ओळखिलें होतें.

या ग्रंथाचें पुढील दैवही विचार करण्याजोगें आहे. 1616, 1649 व 1654 अशा तीन वेळां तो छापला गेला. तथापि त्या छापील प्रतींपैकीं एकही आज उपलब्ध नाहीं. 1684 सालीं तर पोर्तुगीज सरकारनें लोकांनीं स्वभाषा सोडावी असा हुकूमच काढिला. तरी पुराण जगलें. लोकांनीं हातानें नकला केल्या, त्या जपल्या, वाचल्या; आणि अशाच हस्तलिखितांवरून 1907 सालीं मंगळूर येथें जे. एल. साल्ढाणा यांनीं तें पुन्हां प्रकाशांत आणिलें. छापखान्याला जें राखतां आलें नाहीं, तें हस्तलिखितें जपणाऱ्या हातांनीं राखिलें.

मंगळूरच्याच ख्रिस्ती समाजावर 1784 सालीं मोठें संकट कोसळलें. हजारों लोकांना टिपू सुलतानानें श्रीरंगपट्टणास बंदींत नेलें. चर्चें पाडलीं गेलीं, धर्मगुरूंना देशाबाहेर घालविलें. सुटका झाली ती 1799 सालीं. मधल्या पंधरा वर्षांत जन्मलेल्या बालकांना क्रुसाची खूण करावयास कोणीं शिकविलें असेल? आईबापांवांचून तेथें दुसरें होतें तरी कोण? आणि तरीही परत आलेल्यांनीं आपलीं चर्चें पुन्हां उभारिलीं. आपल्या वसईंतही 1739 च्या मे महिन्यांत सत्तापालट झाला आणि पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले. एतद्देशीय धर्मगुरूंनीं चर्चें सांभाळलीं, व घरोघरच्या आजीबाईंनीं जपमाळ सांभाळली. चर्चमधील मिस्सा तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत लॅटिन भाषेंतच होत असे. तिचा अर्थ मुलांना उलगडून सांगणारी भाषा घरचीच होती. त्याच परिषदेनें 1964 सालीं कुटुंबाला ‘घरगुती ख्रिस्तसभा’ म्हटलें, व पुढील वर्षीं आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, असें प्रतिपादिलें. आपल्या पूर्वजांनीं जें आचरिलें होतें, त्यावरच जणूं हें शिक्कामोर्तब झालें.

आज चर्च आहे, धर्मगुरू आहेत, ख्रिस्तशिक्षणाचे वर्ग आहेत, मराठींत पवित्र शास्त्रही आहे. तरी एक भय वाटतें. वर्ग आठवड्यांतून एक तास. बाकीचे 167 तास मूल आपल्या हातीं असतें. त्या तासांत त्याच्या कानीं काय पडतें? संध्याकाळीं घरांतील प्रत्येक जण आपापल्या पडद्याकडे तोंड करून बसला, तर प्रार्थनेला आवाज उरत नाहीं. नातवाला आजीची मराठी कळेनाशी झाली, तर तिच्या प्रार्थनाही तिच्याबरोबरच मूक होतील. पूर्वींच्या संकटांत श्रद्धेवर घाला बाहेरून आला व घरानें तो परतविला. आजचें संकट घराच्या आंतच, आणि तेंही निःशब्दपणें शिरलें आहे.

म्हणून या जयंतीवर्षीं प्रत्येक कुटुंबानें तीन गोष्टींचा नेम करावा. संध्याकाळीं एकत्र प्रार्थना. निजण्यापूर्वीं शुभवर्तमानांतील एक लहानशी कथा, घरच्या भाषेंत. आणि मुलांपुढें आईबापांचें खरें बोलणें व क्षमा करणें. तिसरा नेम सर्वांत कठीण आहे. पण त्याच्यावांचून पहिले दोन पोकळ ठरतात, कारण मूल ऐकतें त्याहून अधिक पाहतें. नाझरेथच्या घरांत प्रभु येशूही मारिया व योसेफ यांच्या आज्ञेंत राहून ज्ञानानें वाढला. आपल्या मुलांनाही तसेंच घर लाभो, आणि या चर्चच्या पुढच्या जयंतीस तीं आपल्या मुलाबाळांसह येथें गुडघे टेकोत, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.