ओंडक्याचे वजन आणि ‘देवकण’

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेने एका नव्या कणाची घोषणा केली, आणि वृत्तपत्रांनी तो ‘देवकण’ या नावाने घरोघरी पोहोचवला. हे नाव लिऑन लेडरमन यांच्या १९९३ सालच्या पुस्तकामुळे रूढ झाले. खुद्द पीटर हिग्ज यांना ते रुचत नसे. श्रद्धावंतांनी या नावाने हुरळून जाऊ नये आणि बिचकूही नये, असे आम्हांस वाटते.

आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीकडची माणसे. वजन म्हटले की आलापल्लीच्या रानातला सागाचा ओंडका आमच्या डोळ्यांपुढे येतो. तो जड का? न्यूटनने वस्तुमान गृहीतच धरले होते. ते येते कोठून, हा प्रश्न १९६० च्या सुमारास ऐरणीवर आला. काही किरणोत्सर्गांच्या मुळाशी असलेल्या दुर्बल बलाचे वाहक कण जड असणे भाग होते. परंतु त्या बलाची समीकरणे ज्या सममितीवर उभी राहत होती, तिला वस्तुमान मानवत नव्हते. ते वरून जोडावे, तर सिद्धान्तच कोसळे.

१९६४ साली तीन निबंधांतून सहा जणांनी वाट काढली: ब्राउट व एंगलर्ट, हिग्ज, आणि गुरालनिक, हेगन व किबल. यांपैकी टॉम किबल यांचा जन्म मद्रासचा. रिकाम्या भासणाऱ्या अवकाशातही सर्वत्र एक क्षेत्र भरून आहे, असे या विचाराचे सार. ज्या मूलकणाचा त्याच्याशी संबंध जितका घट्ट, तितके त्याचे वस्तुमान अधिक. प्रकाशकणाचा तसा संबंध नाही, म्हणून त्याला वस्तुमानही नाही. येथे चिखलातून चालणाऱ्याचा दाखला नेहमी दिला जातो. तो फसवा आहे. चिखल चालणाऱ्याला थांबवतो. वस्तुमान केवळ गती बदलण्यास विरोध करते.

गंमत अशी की, आमच्या ओंडक्याचे वजन बहुतांशी या क्षेत्रामुळे नाहीच. त्यातील प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे वस्तुमान मुख्यतः आतील क्वार्क व ग्लुऑन यांच्या ऊर्जेतून येते. क्षेत्राचा वाटा जेमतेम एक टक्का. मात्र सिद्धान्ताप्रमाणे इलेक्ट्रॉनला वस्तुमान मिळते ते या क्षेत्रातूनच, आणि ते नसते तर अणूच बांधला गेला नसता. मग कुठला साग आणि कुठले रान!

या शोधाला महाराष्ट्राचाही हातभार लागला. सर्नमधील सीएमएस या अवाढव्य शोधयंत्राचा एक बाह्य ऊर्जामापक उभारण्याची धुरा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने वाहिली. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रोहिणी गोडबोले यांनी आधी मुंबई विद्यापीठात व पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन केले. हिग्ज कणाचे गुणधर्म प्रयोगांतून कसे पारखावेत, हा त्यांच्या संशोधनाचा एक प्रमुख विषय होता.

२०१३ चे नोबेल पारितोषिक एंगलर्ट व हिग्ज यांना मिळाले. ब्राउट २०११ मध्येच निवर्तले होते. २०२० साली म्यूऑन या इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाचा त्या क्षेत्राशी संबंध असल्याचा पहिला पुरावा सर्नमध्ये हाती आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये गोडबोले यांचे पुण्यात निधन झाले, तेव्हा इलेक्ट्रॉनविषयीचा तसा पुरावा मिळालेला नव्हता. तो अद्यापही मिळालेला नाही.