बृहद्‌रेणू आणि भिवंडीचे कापड
ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. हातमागांची जुनी परंपरा असलेल्या या गावी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यंत्रमाग आले. धामणकर नाक्यासारख्या गजबजलेल्या चौकांतून वाहून नेल्या जाणाऱ्या मालामागे कार्बनी बृहद्‌रेणूंचा (हजारो अणूंच्या प्रचंड रेणूंचा) इतिहास आहे.

कापसाचा तंतू मुख्यतः सेल्युलोजाचा असतो. हा पदार्थ फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायां यांनी १८३८ मध्ये वनस्पतींपासून वेगळा केला. कार्बनाची संयुजा (इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता) चार असल्याने त्याच्या संयुगांपासून लांब साखळ्या बनतात. सेल्युलोजातील ग्लुकोजाची एकके बीटा बंधांनी जोडलेली असल्याने साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांशी हायड्रोजन बंधांनी बांधली जाते व सूत बळकट होते. स्टार्चही ग्लुकोजाचाच बनलेला असतो. परंतु त्यातील बंध अल्फा असल्याने साखळी मळसूत्रासारखी वळते आणि पाण्यात शिजविल्यास तो चिकट होतो.

घर्षण व ताण यांनी ताण्याचे सूत तुटू नये म्हणून त्यास स्टार्चाची खळ देण्याची रीत या ज्ञानापेक्षा कितीतरी जुनी आहे. विणलेल्या कापडातील खळ ॲमिलेज या एंझाइमाने काढता येते. हे एंझाइम म्हणजे ॲमिनो अम्लांच्या साखळीचे प्रथिन असून ते अल्फा बंधच तोडते. त्यामुळे खळ जाते, सूत मात्र शाबूत राहते. माणसास भात पचतो पण कापूस पचत नाही, त्याचे कारणही हेच.

असे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे पुंजके होत, असे अनेक शास्त्रज्ञ मानीत. ते सलग साखळ्यांचे असतात, हे मत जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडले. त्यास प्रखर विरोध झाला. १९५३ मध्ये मात्र त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तत्पूर्वीच १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजापासून व्हिस्कोज रेयॉनाची कृती शोधण्यात आली होती. भिवंडीपासून जवळच, कल्याणनजीक शहाड येथे १९५० नंतरच्या दशकात रेयॉनाचे उत्पादन सुरू झाले. खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांचा पॉलिएस्टर तंतू १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झाला व कालांतराने भिवंडीच्या मागांवरही आला.

या स्थित्यंतराची किंमतही आहे. खळ धुतलेले पाणी नाल्यात सोडल्यास स्टार्च कुजताना पाण्यातील ऑक्सिजन खर्च होतो व जलचर गुदमरतात. तथापि सूक्ष्मजंतू तो अखेरीस पचवितात. पॉलिएस्टराच्या साखळीचे बंध तोडणारी एंझाइमे निसर्गात विरळ असल्याने त्याचे तंतू मात्र मातीत व पाण्यात दीर्घकाळ टिकून राहतात.